गाडीतून टेबलावर: सीबी रेडिओच्या घरगुती स्टेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

गाडीतला सीबी (सिटिझन्स बँड, सामान्य लोकांना आपसांत बोलण्यासाठी ठेवलेला) रेडिओ काढून घरात बसवणाऱ्यांची बरीच पत्रं आली आहेत, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. गाडीत या रेडिओला दोन गोष्टी न मागता मिळतात: बॅटरीचा स्वच्छ डीसी आणि अँटेनाखालचा भला मोठा पत्रा. टेबलावर आणला की दोन्ही जातात. मग 'गाडीत तर छान चालत होता' हे ठरलेलं वाक्य ऐकू येतं.

नियमांचं आधीच सांगतो. किती वॉट, कोणता मोड (आवाज पाठवण्याची पद्धत), बाहेरचा अँटेना चालतो की नाही, हे देशागणिक वेगळं आहे. ते तपासल्याशिवाय अँटेनाच्या खांबाला हात लावू नका. खालच्या उत्तरांत मी २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झचा ४० चॅनेलवाला नेहमीचा सेट धरला आहे: साध्या एएम मोडवर ४ वॉट, एसएसबी (कमी रुंदीत आवाज पाठवणारा मोड) असेल तर शिखराला १२ वॉट.

रेडिओवर १३.८ व्होल्ट लिहिलंय. घरात गाडीच्या बॅटरीचा चार्जर पडून आहे. तोच लावला तर?

नको. चार्जरचं काम बॅटरी भरणं. साध्या चार्जरमधून डीसी सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो, आणि ते ठोके बॅटरी पचवते. मध्ये बॅटरी नसेल तर त्यांची गुणगुण थेट तुमच्या आवाजावर चढते. समोरच्याला वाटतं, हा ट्रान्सफॉर्मरच्या पोटात बसून बोलतोय. शिवाय लोड हलका असला की काही चार्जरचं व्होल्टेज १६ च्याही वर जातं.

घ्यायचा तो १३.८ व्होल्टचा रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, पॉवर सप्लाय. एएम सेट बोलताना साधारण २ अँपिअर ओढतो, एसएसबीवाला थोडा जास्त. म्हणजे ५ अँपिअर पुरे, पण ते सतत देता येणारे ५ हवेत. डब्यावर मोठ्या अक्षरात ५ आणि खाली बारीक अक्षरात 'सतत ३' असं छापलेलं असतं. बारीक अक्षरावर विश्वास ठेवा. लिनिअर सप्लाय जड असतो, तापतो, पण शांत असतो. स्विचिंग सप्लाय हलका, मात्र स्वस्तातला घेतला तर खरखर सोबत घेऊन येतो.

लाल वायर प्लसला, काळी मायनसला हे लिहायलाही संकोच वाटतो, पण माझा पहिला सेट मी असाच घालवला. सेटच्या आत उलट्या जोडणीपासून वाचवणारा एक डायोड असतो. वायरी उलट लागल्या की सगळा करंट त्याच्यातून वाहतो आणि वायरीवरचा फ्यूज उडतो, नुकसान तेवढंच. मी वायर आखूड करण्याच्या नादात फ्यूजची डबीच कापून टाकली होती. मग उडायला उरले डायोड आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी. झाकण उघडलं तर पट्टीच्या जागी काळी रेघ आणि भोवतीचा बोर्ड तपकिरी. फ्यूज लाल वायरीवर, कंपनीने दिला तेवढ्याच अँपिअरचा, राहू द्याच.

जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय चालेल का? त्याच्यावर १२ व्होल्टला १५ अँपिअर लिहिलंय.

चालेल, पण जेमतेम. हिरवी वायर काळीला जोडली की तो सुरू होतो, पिवळीवर १२ व्होल्ट मिळतात. १३.८ ऐवजी १२ असल्याने आउटपुट थोडं कमी होतं, ते ऐकणाऱ्याला कळणारही नाही. कळेल ती खरखर. शिवाय काही जुन्या सप्लायना ५ व्होल्टवर लोड नसेल तर १२ चे व्होल्ट स्थिर राहत नाहीत. हाताशी आहे म्हणून एक दिवस वापरून बघा, कायमचा नको.

गाडीचा चुंबकवाला अँटेना टेबलावर उभा केला. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) ३ च्या खाली येत नाही. दांडी कापू का?

थांबा, दांडीचा काही दोष नाही. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटरची, तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर. गाडीवरचा अँटेना म्हणजे या चतुर्थांशाची गुंडाळून आखूड केलेली आवृत्ती, आणि तोही अर्धाच अँटेना. दुसरा अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. टेबलावर तो अर्धा गायब आहे, म्हणून करंट जागा शोधत केबलच्या बाहेरच्या जाळीवरून मागे येतो. कधीकधी माइकला ओठ लागले की चटका बसतो, तो याचाच.

तात्पुरता उपाय म्हणजे मोठा लोखंडी पत्रा. जितका मोठा तितका बरा. किंवा चुंबकाखाली छोटा पत्रा ठेवून त्याला सुमारे पावणेतीन मीटरच्या चार तारा चार दिशांना पसरून जोडा. तारा पत्र्याला नीट सोल्डर करा किंवा स्क्रूने आवळा. चुंबकाचं बूड मात्र रंग आणि रबराच्या थरामुळे पत्र्याला धातूने टेकत नाही. तिथली जोडणी त्या पातळ थरातूनच होते, तारांना मात्र थेट धातूची जोडणी लागते.

हे झाल्यावरच एसडब्ल्यूआर मीटर जोडा आणि चॅनेल १, २० व ४० वर वाचन घ्या. १ पेक्षा ४० वर आकडा मोठा असेल तर अँटेना लांब आहे. १ वर मोठा असेल तर आखूड. दांडी एका वेळी काही मिलिमीटरच कापायची, कापलेली परत लागत नाही. १.५ आला की पाना खाली ठेवा. १.५ ला जेमतेम ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११, आणि ३ ला २५ टक्के. काहीजण १.५ चा १.१ करण्यात अख्खा रविवार घालवतात. छंद म्हणून ठीक आहे.

मग घरासाठी कोणता अँटेना घ्यावा? आणि किती लांब ऐकू जाईल?

घरासाठी बनवलेला उभा अँटेना घ्या, अर्ध्या लहरीचा (साडेपाच मीटर) किंवा पाच-अष्टमांशाचा (पावणेसात-सात मीटर). यांना गाडीच्या पत्र्याची गरज नसते, जे लागतं ते त्यांच्यातच असतं.

पैसे घालायचे नसतील तर तारेचा डायपोल करा. पावणेतीन-पावणेतीन मीटरच्या दोन तारा. एक केबलच्या मधल्या तारेला, दुसरी जाळीला. दोन्ही एका सरळ रेषेत उभ्या ताणायच्या आणि केबल मधून आडवी बाहेर काढायची. मग दोन्ही टोकं सारखी कापत जा, साधारण २.६ मीटरवर जमतं. जोडाच्या लगेच पुढे केबलचे सहा-आठ वेढे, वितीपेक्षा थोडे लहान, गुंडाळून बांधा म्हणजे जाळीवरून येणारा करंट तिथेच अडतो. डायपोल आडवा टांगू नका. गाड्यांचे अँटेना उभे असतात, आणि आडव्या-उभ्याच्या भांडणात जवळच्या संपर्कातला सिग्नल कितीतरी घटतो.

अंतराचा ढोबळ हिशोब असा: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचींची वर्गमुळं काढा, बेरीज करा, ४.१२ ने गुणा. येतात ते किलोमीटर. गाडीचा अँटेना २ मीटरवर आणि घरचा ४ मीटरवर असेल तर १४ किलोमीटर. घरचा ९ मीटरवर नेला तर १८. मध्ये टेकडी असली तर हा हिशोब विसरा. पण उंची वाढवल्याने जे मिळतं ते वॉट वाढवून मिळत नाही.

अँटेनापासून टेबलापर्यंत ३० मीटर केबल लागेल. आरजी-५८ पुरेल? आणि केबल १८ फुटांच्या पटीतच हवी असं ऐकलंय.

३० मीटर आरजी-५८ मध्ये २ डेसिबलहून थोडं जास्त जातं, म्हणजे ४ वॉटपैकी दीडएक वॉट केबल गरम करण्यात खर्च. आरजी-२१३ मध्ये सुमारे १ डेसिबल. दहा मीटरपर्यंत आरजी-५८ चालवा, तीसला जाडी घ्या.

१८ फुटांची गोष्ट फार जुनी आहे. १८ फूट म्हणजे हवेतली अर्धी लहर, हे खरं. पण केबलमध्ये लहर हळू चालते. साध्या पॉलिथिनच्या केबलमध्ये हवेच्या ६६ टक्के वेगाने, म्हणजे तिथली अर्धी लहर १२ फुटांच्या आसपास भरते. तेव्हा हा नियम स्वतःच्याच गणितात बसत नाही. अँटेना नीट जुळला असेल तर लागेल तेवढी केबल घ्या.

वरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, वर साधी टेप. एका पावसाळ्यानंतर माझा एसडब्ल्यूआर हळूहळू चढत होता आणि मी अँटेनाला दोष देत होतो. शेवटी पीएल-२५९, म्हणजे केबलच्या टोकाचा कनेक्टर, उघडला तर जाळी हिरवट-काळी, आणि केबल उभी धरल्यावर आतून पाण्याचा थेंब बाहेर. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ ठेवा, पाणी तिथून गळून जातं.

खांब लोखंडी आहे आणि शेजारून विजेची लाइन जाते. काय सांभाळू?

इथे मी कडक बोलतो. खांब आणि अँटेना मिळून जेवढी उंची होईल, तिच्या दीडपट तरी लांब लाइन असली पाहिजे, म्हणजे तो कोणत्याही बाजूला पडला तरी तिला लागणार नाही. जमत नसेल तर खांबाची जागा बदला. खांब उभा करताना तारेला लागून इतकी माणसं गेली की अमेरिकेत १९७८ पासून घरगुती सीबी अँटेनावर धोक्याची सूचना छापणं सक्तीचं झालं. एकट्याने, वाऱ्यात किंवा ओल्या गच्चीवर उभा करू नका.

खांब जाड तारेने जमिनीतल्या अर्थिंगच्या रॉडला जोडा, आणि तो रॉड घराच्या मुख्य अर्थिंगला. दोन वेगळी अर्थिंग ठेवली तर वीज पडल्यावर त्यांच्यातला फरक तुमच्या सेटमधून वाहतो. केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारा भाग) लावा. तरीही ढग जमायच्या आधीच केबल सेटवरून काढून बाहेर ठेवा. डोक्यावर गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नका.

१०० वॉटचा लिनिअर (सेटची पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) लावावा का?

नाही. बहुतेक देशांत तो बेकायदा आहेच. मिळतं किती ते बघा: ४ वॉटचे १०० केले तर १४ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर सव्वादोन एस, त्यावरच्या जेमतेम सव्वादोन खुणा. आणि तुम्हाला ऐकू येणारं तसूभरही वाढत नाही.

घरात सेटवरचा सिग्नल मीटर सतत एस-७ वर असतो, नुसती खरखर. गाडीत असं नव्हतं.

सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा, खरखर ऐकत ठेवा आणि कोणाला तरी घराचा मुख्य स्विच बंद करायला सांगा. खरखर पडली तर चोर घरातच आहे. मग एकेक फ्यूज चालू करत जा. बहुधा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर किंवा राउटरचा अडॅप्टर सापडतो. त्याच्या वायरीवर फेराइटचं (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचं) कडं लावून वायर त्यातून चार-पाच वेढे फिरवा, नाहीतर अडॅप्टरच बदला. स्विच बंद करूनही आवाज तसाच राहिला तर तो बाहेरून येतोय, आणि अँटेना घरांपासून जितका वर आणि दूर जाईल तितका तो कमी होईल.

शेजाऱ्याच्या स्पीकरमधून तुमचा आवाज येत असेल तर औषध तेच: कडं त्याच्या स्पीकरच्या वायरीवर, आणि केबलचे वेढे तुमच्या अँटेनापाशी.

काही दिवस दुपारी हजार-दीड हजार किलोमीटरवरची माणसं स्पष्ट येतात, पण आठ किलोमीटरवरचा मित्र बुडून जातो. सेट बिघडला का?

सेट ठणठणीत आहे. सूर्य जोरात असला की वरचा आयनोस्फिअर (वातावरणातला विद्युतभारित थर) २७ मेगाहर्ट्झ परत खाली फेकतो. ११ वर्षांच्या सौरचक्राच्या शिखराजवळ हे रोजचं होतं. उन्हाळ्यात खालच्या ई-थरातही अधूनमधून दाट ढग तयार होतात आणि तासाभरासाठी तसंच घडतं. लांबच्यांच्या गर्दीत मित्राचा सिग्नल दबतो. दोघांकडे एसएसबी असेल तर ३६ ते ४० मधल्या शांत चॅनेलवर जा. नुसतं एएम असेल तर एखादा रिकामा चॅनेल आधीच ठरवून ठेवा, आणि गर्दी फारच झाली तर अंधार पडल्यावर तासाभराने पुन्हा हाक मारा.