चुलतभावाला जामीन राहावं का?

प्रश्न थोडक्यात असा: वाचक पुण्यात नोकरीला, वय 53. तासगावजवळच्या गावी चुलतभाऊ द्राक्षबाग करतो. दोघं एका ताटात जेवून वाढले. वाटणीनंतर विहिरीच्या पाळीवरून सात वर्षं बोलणं बंद होतं. गेल्या महिन्यात भाऊ बेदाण्याचा डबा घेऊन दारात आला. बेदाणा शेडसाठी 12 लाखांचं कर्ज काढतोय, जामीन राहशील का, म्हणाला. वाचकाच्या ठेवी 18 लाखांच्या, मुलीचं शिक्षण अजून व्हायचंय.

जामीन राहू नका.

‘नुसती सही तर करायची,’ असं भाऊ म्हणाला. तो फसवत नसेल, गावात सगळे असंच समजतात. पण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक आधी त्याच्याकडे वसुली करेल आणि मग तुमच्याकडे येईल, असं नाही. ती थेट तुम्हाला नोटीस धाडू शकते. हे कर्ज तुमच्या सिबिलवरही दिसतं, मुलीसाठी कर्ज काढताना तेच आडवं येईल. आणि घड भरताना अवकाळी पावसानं झोडपलं, तर रागवायचं तरी कुणावर?

त्यापेक्षा तीन लाख उसने द्या. तीनच, कारण ते बुडाले तरी मुलीची फी थांबत नाही आणि तुमचं बोलणं पुन्हा बंद पडत नाही. रोख देऊ नका. 20,000 आणि त्यावरची उसनवारी रोखीनं चालत नाही. बँकेतून पाठवा, वचनचिठ्ठी करून घ्या. ‘राहू दे, परत नको करूस,’ असंही म्हणू नका. आयकराच्या नातेवाइकांच्या यादीत सख्खा भाऊ आहे, चुलत नाही, त्यामुळे वर्षात 50,000 च्या वर भेट दिली तर ती सगळी त्याच्या उत्पन्नात धरतात. एका ताटात जेवलेल्यांना हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं.

महिन्याचा हप्ता मागू नका, बागेचा पैसा महिन्याला येत नाही. बेदाणा विकला की वर्षातून एकदा, तीन वर्षांत फेड असं ठरवा. भावाला बाजार समितीत शेतमाल तारण कर्जाची चौकशीही करायला सांगा, बेदाणा त्यात बसतो. माल तारण ठेवून हंगामापुरते पैसे मिळाले, तर पडत्या दरात विकावा लागत नाही.

हे फोनवर सांगू नका. गावी जा, वहिनींसमोर बसून बोला. पत्नीलाही सोबत न्या. तिला न विचारताच तुम्ही सही करायला निघाला होतात, असं पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटली.