लाइम, त्याचे सोबती संसर्ग आणि पर्यायी उपचार : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : गोचीड चावली तिथे गोल लाल चट्टा पसरतोय. अँटिबायोटिकची मला भीती वाटते. वनौषधींवर भागेल का?

नाही. या टप्प्यावर वनौषधींचा प्रयोग करू नका. लाइम हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतुसंसर्ग; चट्ट्याच्या अवस्थेत तो डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या दहा ते चौदा दिवसांच्या कोर्सने बहुतेकांत पूर्ण बरा होतो. डॉक्सिसायक्लिन चालत नसेल तर अमॉक्सिसिलिनसारखे पर्याय आहेत. उपचार टाळले तर बोरेलिया हा जंतू सांध्यांत, चेहऱ्याच्या नसेत, क्वचित हृदयातही त्रास देतो. चट्टा स्पष्ट असेल तर रक्ततपासणीसाठी थांबायचं कारण नाही, कारण अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि तोवर रिपोर्ट निगेटिव्हच येऊ शकतो. डॉक्सिसायक्लिन चालू असताना लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. उन्हालाही जपा.

प्रश्न : क्रिप्टोलेपिस आणि जपानी नॉटवीडचे अर्क डॉक्सिसायक्लिनपेक्षा प्रभावी ठरल्याचं वाचलं. मग डॉक्टर ते का देत नाहीत?

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धवट आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या दोन्ही वनस्पतींच्या अर्कांनी बोरेलियाचे जंतू खरोखर मारले, पण ते प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू होते. त्याआधी 2015मध्ये स्टीव्हियाच्या पानांच्या अर्कानेही हेच करून दाखवलं होतं. गिळलेल्या अर्कातलं किती आतड्यातून रक्तात उतरतं, सांध्याच्या आवरणापर्यंत किती पोचतं, तेवढी मात्रा यकृताला झेपते का, याची उत्तरं काचेच्या भांड्यात मिळत नाहीत. त्यासाठी माणसांवर चाचण्या लागतात, आणि लाइमच्या बाबतीत त्या या अर्कांच्या झालेल्या नाहीत. वनस्पतींना कमी लेखायचा माझा हेतू नाही. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध आर्टेमिसिया या वनस्पतीतूनच आलं आणि त्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. पण त्यातला नेमका घटक वेगळा काढून, मात्रा ठरवून, रुग्णांवर तपासल्यावरच त्याचं औषध झालं.

प्रश्न : लाइमचा कोर्स संपला तरी ताप आणि घाम थांबत नाही. एका उपचारकांनी नुसत्या लक्षणांवरून बबेसिया, बार्टोनेला आणि आणखी तीन संसर्ग सांगितले. आर्टेमिसिया सुरू करू का?

आधी तपासणी करा, तीही लगेच. एकच गोचीड एकाहून अधिक जंतू देऊ शकते, तेव्हा तुमची शंका रास्त आहे. पण सोबतच्या संसर्गाचं नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही. अ‍ॅनाप्लाझ्मा हा गोचिडीतूनच येणारा जंतू असेल तर तो डॉक्सिसायक्लिनलाच दाद देतो, म्हणजे लाइमच्या कोर्समध्ये त्याचंही भागतं. बबेसियाचं तसं नाही. मलेरियाच्या परजीवीप्रमाणे तो तांबड्या पेशींत राहतो आणि डॉक्सिसायक्लिनने हटत नाही. रक्ताच्या काचपट्टीवर किंवा पीसीआर तपासणीत तो सापडतो. नेहमीचा उपचार म्हणजे अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन, साधारण सात ते दहा दिवस. प्लीहा काढलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर हाच आजार जिवावर बेततो. तिथे वनौषधींत घालवलेला आठवडा महागात पडतो. आर्टेमिसिया मलेरियाच्या पुण्याईवर बबेसियासाठी खपते, पण रुग्णांवरचा भरवशाचा पुरावा तिच्यामागे नाही. बार्टोनेला गोचिडीतून माणसाला होतो हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. आणि तपासणीशिवाय पाच संसर्ग सांगणाऱ्याचं मी तरी ऐकणार नाही.

प्रश्न : अर्क सुरू केल्यापासून तीन आठवडे अंग ठणकतंय. 'हर्क्स आहे, जंतू मरतायत' असं सांगतात.

खरी हर्क्सहायमर प्रतिक्रिया, म्हणजे जंतू मरताना येणारा ताप आणि अंगदुखी, अँटिबायोटिक सुरू केल्यावर बहुधा पहिल्या दिवसातच येते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. तीन आठवडे चाललेला त्रास म्हणजे अर्काचा दुष्परिणाम असू शकतो, नाहीतर दुसराच आजार. अर्क बंद करा, यकृताची तपासणी करून घ्या. या सबबीतली गंमत बघा : बरं वाटलं तरी अर्काचं श्रेय, बिघडलं तरी अर्काचंच!

प्रश्न : चांदीचं पाणी, क्लोरीन डायऑक्साइड, बिस्मथ या धातूची इंजेक्शनं?

तिन्ही नकोत. चांदीने कातडी कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. क्लोरीन डायऑक्साइड हे ब्लीच आहे. बिस्मथच्या इंजेक्शनांविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2006मध्ये इशारा दिला तो एका मृत्यूनंतर.

प्रश्न : उपचार होऊन सहा महिने झाले, थकवा जात नाही. अँटिबायोटिक आणखी लांबवावं का?

तुमचा थकवा खराच आहे, पण त्याला हे औषध नाही. नेदरलँड्समध्ये 280 रुग्णांना दोन आठवडे शिरेतून अँटिबायोटिक देऊन पुढचे बारा आठवडे काहींना अँटिबायोटिक आणि काहींना नुसती दिखाऊ गोळी दिली. 2016मध्ये निष्कर्ष आला तो असा की, दोन्हींच्या तब्येतीत फरक नव्हता. शिरेत महिनोन् महिने नळी ठेवल्याने रक्तात जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावल्याच्याही नोंदी आहेत.

आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, झोपेत श्वास अडखळणं आणि नैराश्य यांची तपासणी करून घ्या. लाइमच्या नावाखाली यातलं काहीतरी लपून राहिलेलं असू शकतं. हालचाल थोडी थोडी वाढवा. बरं वाटलं त्या दिवशी सगळी कामं उरकायला गेलात तर दुसऱ्या दिवशी अंथरूण धराल. योग किंवा अ‍ॅक्युपंक्चरने आराम पडत असेल तर खुशाल करा, जंतू मारण्याची अपेक्षा मात्र त्यांच्याकडून ठेवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅट्स क्लॉ या वेलीसारखे वनौषधींचे अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.