अपडेट लगेच, आवृत्ती जरा दमानं

प्रश्न : माझा फोन साडेतीन वर्षांचा आहे. आठवडाभर रोज ‘नवीन अँड्रॉइड उपलब्ध’ असं झळकतंय. मैत्रीण म्हणते, घेऊ नको, फोन स्लो होतो. मुलगा म्हणतो, नाही घेतलं तर बँकेचं ॲप बंद पडेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : दोघंही अर्धे बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. फोनला दोन तऱ्हेची अपडेट्स येतात. एक सुरक्षेचा पॅच. तो सहसा लहान असतो, फोनचं रूप बदलत नाही, फक्त चोरवाटा बुजवतो. तो आल्यावर दोन-चार दिवसांच्या आत घ्यावा. दुसरं म्हणजे आख्खी आवृत्ती बदलणारं, १४ वरून १५ वगैरे, काही जीबींचं. इथे मात्र तीन-चार आठवडे थांबण्यात शहाणपण आहे. तोवर तुमच्याच मॉडेलवर इतरांना आलेल्या अडचणी कळतात आणि बहुतेकदा पहिली दुरुस्तीही येते. थांबायचं खरं कारण असं, की अँड्रॉइडवर जुन्या आवृत्तीकडे परतायचं तर फोन पूर्ण पुसावा लागतो, आणि कित्येक फोनवर तेही जमत नाही.

बँकेच्या ॲपचं म्हणाल, तर प्रत्येक ॲप आपली किमान आवृत्ती ठरवतं. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. व्हॉट्सॲप तर अँड्रॉइड ५ वरही चालत आलंय. तुमचा फोन त्या काठापासून बराच दूर आहे, त्यामुळे महिनाभर थांबल्यानं काही अडणार नाही.

जास्त महत्त्वाची तारीख सेटिंग्जमध्ये आहे. ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइड आवृत्तीवर टिचकी मारा, सुरक्षा पॅचची तारीख दिसेल. स्वस्त फोनना पॅच तीन-तीन महिन्यांनी येतात, म्हणून थोडं मागे असणं चालतं. पण तारीख सहा-आठ महिन्यांपूर्वीची असेल आणि शोधूनही नवा पॅच मिळत नसेल, तर कंपनीनं हात झटकले असं समजा. अशा फोनवर गाणी ऐका, पण बँक आणि यूपीआय दुसऱ्या फोनवर हलवा. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी ‘अपडेट किती वर्षं?’ हे विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून त्या मालिकांना सात वर्षांचा शब्द दिलेला आहे.

आणि आपल्या नागपुरात मे महिन्याच्या दुपारी अपडेट लावू नका. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश हवामान योग्य सांगते. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, त्यात चार्जिंग, डाउनलोड आणि इन्स्टॉल एकदमच! रात्री कव्हर काढून, वायफायवर, निदान ५० टक्के चार्ज आणि आठ-दहा जीबी मोकळी जागा ठेवून करा. त्याआधी व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. गूगलच्या फुकट १५ जीबीत त्याचीही जागा मोजली जाते, हे ध्यानात असू द्या. पुढचे एक-दोन दिवस फोन ॲप्स आणि फोटोंची नव्यानं मांडणी करतो, म्हणून गरम राहतो, बॅटरी खातो. ‘स्लो झाला’ हा निकाल आठवड्यानंतर द्या.

प्रश्न : इतवारीत दुकान आहे. बिलिंगचा कॉम्प्युटर विंडोज १० वर, आय-थ्री ६१००, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. हिशेबाचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर (परवान्याची पेनड्राइव्हसारखी चावी) चालतं. मेकॅनिक म्हणतो, भाऊ, जुगाड करून इलेव्हन टाकून देतो. टाकू का?
– एक व्यापारी

उत्तर : नका टाकू. विंडोज ११ ला टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. ६१०० मधला पहिला आकडा म्हणजे सहावी पिढी. तपासणी टाळून विंडोज चढतं, नाही असं नाही. पण अशा मशीनला पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती पुन्हा हातानं चढवावी लागते. शिवाय ४ जीबी आणि फिरती डिस्क यावर ११ रखडेल ते वेगळंच.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. धंद्याच्या मशीनसाठी वेगळी, दरवर्षी महागणारी योजना आहे. या मशीनवर तो पैसा घालण्यापेक्षा नवं मशीन घेतलेलं परवडेल: निदान ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी.

खरी गोची डोंगलची आहे. त्याचा ड्रायव्हर (विंडोजला ते यंत्र ओळखायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) जुना असेल तर विंडोज ११ मधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे सुरक्षा कवच तो अडवतं, आणि ऐन गिऱ्हाइकीत बिल निघत नाही. खरेदीपूर्वी सॉफ्टवेअरवाल्याला दोन गोष्टी विचारा: ६४-बिट ड्रायव्हर आहे का, आणि परवाना नव्या मशीनवर हलवता येईल का? प्रिंटरचाही ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते विचारा, कारण विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही.

अदलाबदल महिन्याच्या २० तारखेनंतर, म्हणजे जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरून झाल्यावर करा. मार्चअखेर तर मुळीच नको. डेटाचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या आणि तो नव्या मशीनवर उघडून एक जुनं बिल छापून पाहा. बॅकअप घेतलेला असतो, उघडून पाहिलेला नसतो, तिथेच माणूस फसतो. जुनं मशीन पंधरा दिवस तसंच राहू द्या, फक्त इंटरनेटची वायर काढा.

प्रश्न : लॅपटॉप आठव्या पिढीचा, तरी ‘विंडोज ११ चालणार नाही’ असं येतं.
– विद्यार्थी, मनीष नगर

उत्तर : बहुधा टीपीएम बंद आहे. विंडोज + आर दाबून tpm.msc टाइप केलं की ते कळतं. टाइप करायची धास्ती वाटत असेल, तर सरळ बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा. इंटेलच्या प्रोसेसरवर ‘पीटीटी’, एएमडीच्या प्रोसेसरवर ‘एफटीपीएम’ या नावानं टीपीएम असतं. ते चालू करा, सेक्युअर बूटही पाहा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या, बायोसमध्ये बदल झाला की लॅपटॉप ती मागू शकतो. अपग्रेडनंतर १० दिवस जुन्या विंडोजवर परतायचं ‘गो बॅक’ मिळतं, तोवर डिस्क क्लीनअप करून जुनं विंडोज उडवू नका. बायोसचं अपडेट मात्र बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असतानाच करा. मध्येच वीज तुटली तर मदरबोर्ड कायमचा मरू शकतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर ‘अपडेट करा’ म्हणून एपीके फाइल (ॲप थेट टाकायची फाइल) आली आहे.
– सक्करदरा

उत्तर : उघडू नका, पुढे पाठवू नका, पुसून टाका. अपडेट प्ले स्टोअरमधून किंवा फोनच्या सेटिंग्जमधूनच येतं. चुकून टाकली असेल तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा, मग फोन फॅक्टरी रीसेट करा.