किन्वा की ब्राऊन राइस?

अगं, किन्वा म्हणजे भातासारखे शिजवून खायचे बारीक दाणे; आधी भाव बघ, मग प्रोटीन. शिजवलेल्या 100 ग्रॅम किन्वात प्रोटीन साधारण 4 ग्रॅम, ब्राऊन राइसमधे अडीचच्या आसपास, फायबरही किन्वात थोडं जास्त, पण कॅलरीज जवळपास सारख्याच, त्यामुळे किन्वा खाल्ला की वजन उतरतं वगैरे काही नसतं. तेवढा प्रोटीनचा फरक तर वाटीभर घट्ट वरणाने भरून निघतो!

किन्वा घेतलासच तर दोन-तीन पाण्यातनं चोळून धू, फेस जाईपर्यंत, त्याच्यावर सॅपोनिन नावाचं साबणासारखं फेसाळ द्रव्य असतं त्याने कडवट लागतो. मग दुप्पट पाण्यात पंधरा मिनिटं, दाण्याला पांढरी शेपटी सुटली की झाला. उपम्यासारखा मस्त होतो, आमटीशी मात्र मला नाही आवडत.

रोज आमटी-भात लागत असेल तर ब्राऊन राइस किंवा गावाकडचा हातसडीचा आण, रात्री भिजत घाल नाहीतर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसशील. आणि पाच किलो एकदम भरू नकोस, कोंड्यातल्या तेलामुळे लवकर खवट होतो. डायबेटिस असेल घरात तर दोन्ही मोजूनच वाढ. आणि ज्वारीची भाकरी खात असशील तर ती बंद करू नकोस हं यांच्या नादात.