गॅझेटियरमध्ये गाव सापडेना!

प्रश्न : ताई, वाई तालुक्यातल्या आमच्या आजोळचा इतिहास लिहायला घेतलाय. सातारा जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर (जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ) डाउनलोड केलं, पहिल्या पानापासून वाचतोय, पण नुसते डोंगर नि नद्याच चालू आहेत, गाव काही येईना. एवढं जाडजूड पुस्तक वाचायचं तरी कसं?

उत्तर : अहो, पहिल्या पानापासून? कमाल आहे तुमच्या चिकाटीची! १८८५ सालचं हे गॅझेटियर सलग वाचायला लिहिलेलंच नाही, त्याचा सांगाडा ठरलेला आहे. आधी भूगोल, मग झाडं-जनावरं, लोक, शेती, सावकारी, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय वगैरे करत करत तालुके आणि सगळ्यात शेवटी गावं. कॅम्पबेल साहेबांच्या संपादनाखाली निघालेल्या बहुतेक जिल्ह्यांच्या खंडांना हीच चौकट आहे, त्यामुळे साताऱ्याचं एकदा समजलं की उद्या पुण्याचं उघडलंत तरी अडणार नाही.

तर थेट गावांच्या प्रकरणाला जा, तिथे नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलीयत. तिथे आजोळ नसेल तर लगेच नाराज होऊ नका, छोट्या गावाला स्वतंत्र नोंद नसते बऱ्याचदा, पण एखादी लढाई, घाट, बाजार यांच्या ओघात नाव येऊन गेलेलं असतं आणि ते शोधायला अगदी शेवटची सूची, म्हणजे इंडेक्स, बघा. सुरुवातीच्या अनुक्रमणिकेत असली नावं येत नाहीत. पीडीएफमधल्या सर्चवर मात्र विसंबू नका हं, कारण जुनं स्पेलिंग वेगळं (महाबळेश्वरमधल्या ‘श्व’ला आपण डब्ल्यू लिहितो तिथे व्ही), शिवाय ‘आ’साठी डोक्यावर रेघ दिलेला ए, सर्च तिथे हमखास गंडतं. तळटीपाही सोडू नका, कधीकधी खरा माल बारीक टायपातच असतो. आणि लोकसंख्येचा आकडा उचलताना तो १८८१ च्या जनगणनेचा आहे, हे लिहा.

आपल्या कितीतरी मराठी पुस्तकांना सूचीच नसते, मला तर याचा भयंकर राग येतो. तुमच्या पुस्तकाला नक्की करा : आडनावं, देवळं, वाड्या-वस्त्या, विहिरी. फक्त पान नंबर सगळं सेटिंग फायनल झाल्यावरच टाका, नाहीतर मध्ये दोन फोटो घुसवले की सगळे आकडे सरकतात.