आधी कार्बुरेटर उघडून बघ

गाड्यांमधल्या फ्युएल इंजेक्शनचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारण्याच्या पद्धतीचा, इतिहास वाचायला घेतलास हे छान, पण थेट ईसीयूवर (इंजिन नियंत्रित करणाऱ्या कॉम्प्युटरवर) उडी मारू नकोस. आधी एखादा जुना कार्बुरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, उघड. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब घटतो आणि जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल ओढलं जातं. हे कळलं की पुढचं सोपं जातं.

मग १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल घे. तिचा यांत्रिक पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडायचा. इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पंप चालूच! न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढायचं. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची गरज मला इथेच पटली. १९६७ ची बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवायची. तिला मात्र भरपूर वेळ दे.