सोलो ऐकायचा तर खालचा लेहरा ऐक

ऐरोलीच्या मित्रा, सेकंड इयरला आहेस असं लिहिलंयस म्हणून सरळ 'तू' म्हणतो, राग मानू नकोस. पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतलीस, अभिनंदन. "ऐकलेच पाहिजेत असे दहा सोलो सांगा, कुठल्या अल्बममध्ये आहेत तेही सांगा, वडील म्हणतात हा सगळा गोंगाट एकसारखाच", एवढा तुझा प्रश्न. त्या प्रश्नाखाली कालपासून इथे याद्यांचा पाऊस पडतोय. कोणी वेगाप्रमाणे क्रम लावलाय, कोणी आपल्या कॉलेजच्या दिवसांप्रमाणे. याद्या चुकीच्या नाहीत. पण सोलो, म्हणजे गिटार एकटी पुढे येऊन बोलते ती जागा, चालू असताना बँडमधले बाकीचे काय करत असतात, हे त्यात कोणी लिहिलेलं नाही. मला त्या बाकीच्यांबद्दलच बोलायचंय. हे शहाणपण मला भर मांडवात शोभा होऊन मिळालंय, म्हणून आधी ते.

१९९३चे गणपती. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका गल्लीत मांडव. आम्ही पाच जण दोन तास हिंदी गाणी वाजवणार आणि शेवटची दहा मिनिटं मंडळाने उपकार केल्यासारखी आम्हाला दिलेली. त्या दहा मिनिटांत 'हॉटेल कॅलिफोर्निया'. मी लीडला. हातात सेकंडहँड गिवसन गिटार. शेवटचा सोलो चार महिने कॅसेट मागेपुढे करून बसवलेला. त्या जागी फीत इतकी झिजली होती की तिथे आल्यावर गाणं पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटायचं. सोलो सुरू झाला, दोन ओळी बऱ्या गेल्या आणि एक फेज गेली. मांडवात काम केलेल्यांना कळेल, अशा वेळी सगळा अंधार होत नाही, अर्धाच होतो. बेसचा अॅम्प, कीबोर्ड आणि दुसरी गिटार गेलेल्या फेजवर. माझा अॅम्प आणि डोक्यावरची हिरवी ट्यूबलाइट मात्र शाबूत. ड्रमवाला गोंधळून थांबला. मी थांबलो नाही. उलट वाटलं, आता फक्त आपणच.

तो आवाज माझा मलाच ओळखू येईना. तेच सूर, तीच बोटं, आणि ऐकू काय येतंय, तर बेलचं बटण अडकल्यावर दार उघडेपर्यंत चालणारी किरकिर. पुढच्या सतरंजीवरची पोरं हसायला लागली. एक आजी कोणाला तरी म्हणाल्या, "अरे, त्याला पाणी द्या."

नंतर मांडवामागे वडापाव खाताना आमचा कीबोर्डवाला जे बोलला ते अजून कानात आहे. तो घंटाळीजवळच्या एका तबल्याच्या क्लासला पेटी वाजवायला जायचा. म्हणाला, "मी लेहरा धरतो म्हणून तू तबलजी. मी हात उचलला की तू पोळपाट बडवणारा."

राग आला होता. पण मुद्दा त्याचा होता. तबल्याचा सोलो ऐकला असशील तर आठव. शेजारी पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच सोळा मात्रांची ओळ, म्हणजे लेहरा, अर्धा-अर्धा तास फिरवत बसलेला असतो. चंद्रकंस रागातली असते बऱ्याचदा. त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण तबलजी कुठवर लांब गेलाय, कसा वळला आणि समेवर कसा येऊन पडला, हे आपल्याला कळतं ते त्या ओळीमुळे. गिटारच्या सोलोखाली फिरणाऱ्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, हाच तो लेहरा. तो कानात नसेल तर सोलो म्हणजे नुसते भराभर टाकलेले सूर, आणि मग तुझ्या वडिलांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

आता तेच 'हॉटेल कॅलिफोर्निया' घे. ईगल्सचा अल्बम, डिसेंबर १९७६चा. कॉर्ड्स आठच: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प. प्रत्येकीला चार मात्रा, म्हणजे बत्तीस मात्रांचं आवर्तन, तीनतालाची दोन आवर्तनं धर. गाण्याचं कडवंही याच आवर्तनावर आणि शेवटचा सोलोही याच. बँडचे दोन गिटारवाले, आधी डॉन फेल्डर, मग जो वॉल्श, आलटून पालटून बोलत राहतात. शेवटी दोघं एकत्र येऊन जे उतरत जाणारे सूर वाजवतात, ज्यावर सगळे मान डोलावतात, ते काय आहे? त्याच आठ कॉर्ड्स, एकेक सूर सुटा करून वाजवलेल्या. म्हणजे सोलो शेवटी लेहऱ्यातच विरघळतो. मला हे कळायला दहा वर्षं लागली, तुला फुकट सांगतोय.

याच सोलोची एक हकिकत फेल्डर सांगतो. गाण्याचा कच्चा आराखडा त्याने घरी टेपवर करून ठेवला होता. पुढे मायामीच्या स्टुडिओत तो आणि वॉल्श नवीन काहीतरी वाजवायला लागले, तर हे गाणं गाणारा डॉन हेन्ली म्हणाला, टेपवर होतं तस्संच पाहिजे. टेप राहिली लॉस एंजेलिसला. मग घरी फोन करून, घर सांभाळणाऱ्या बाईंना ती कॅसेट लावून रिसीव्हर जवळ धरायला सांगितला, आणि या गृहस्थाने स्वतःचाच सोलो फोनवरून ऐकून पुन्हा बसवला. हे वाचल्यापासून माझ्या झिजलेल्या कॅसेटचं दुःख कमी झालं.

दुसरा पिंक फ्लॉइडचा 'कम्फर्टेबली नम', 'द वॉल', १९७९. यात सोलो दोन आहेत आणि सगळे शेवटच्याचंच बोलतात. मला विचारशील तर आधी पहिला ऐक. तो ध्रुवपदाच्या उजळ मेजर कॉर्ड्सवर आहे. दुसरा कडव्याच्या बी मायनरवर. गिटार तीच, वाजवणारा डेव्हिड गिल्मर तोच. खालची जमीन बदलली की तोच माणूस आधी हलका होऊन बोलतो आणि नंतर कोंडल्यासारखा. दुसरा सोलो त्याने एका दमात वाजवलेला नाही. पाच-सहा वेळा वाजवला, प्रत्येकातल्या चांगल्या ओळींवर खुणा केल्या आणि त्या जोडल्या. गोधडीच म्हण. पण टाके दिसत नाहीत, कारण सगळी ठिगळं एकाच अस्तरावर शिवलेली. तार खेचून सूर चढवणं, ज्याला तुम्ही बेंड म्हणता, ते गिल्मर कसं करतो ते बघ. वरच्या सुरावर पोचायची त्याला अजिबात घाई नसते. आपल्याकडे मींड म्हणतात ते हेच.

क्वीनचा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (अल्बम 'अ नाइट अॅट द ऑपेरा', १९७५) इथल्या याद्यांत नाही याचं आश्चर्य वाटलं. ब्रायन मेचा तो सोलो छोटासाच, आणि लगेच तोंडपाठ होतो, कारण ती चाल आहे, कसरत नाही. कडव्याच्याच कॉर्ड्सवर दुसरं गाणं रचल्यासारखी. ज्या गिटारवर तो वाजला ती त्याने पोरवयात वडिलांबरोबर घरी बनवली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. आणि तार छेडायच्या पिकऐवजी तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकलेला फारुख बलसारा, हे वडिलांना जरूर सांग. पाचगणी म्हटलं की आपले लोक जरा मऊ होतात.

लेड झेपेलिनचा 'स्टेअरवे टू हेवन' मी वगळत नाही, पण त्यावर इथे इतकं लिहिलं गेलंय की माझी भर नको. खाली ए मायनर, जी आणि एफ फिरत असतात, तेवढं लक्षात ठेवून ऐक.

आता ज्यांची नावं कुठल्याही यादीत येत नाहीत ते. मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'चा सोलो एडी व्हॅन हेलनचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या गाण्यातली ऱ्हिदम गिटार, म्हणजे मागे कॉर्ड्स धरणारी, आणि बेस टोटो बँडच्या स्टीव्ह ल्युकाथरचे. त्याने आधी मोठमोठ्या अॅम्पवर गिटारची भिंत उभी केली होती. निर्माता क्विन्सी जोन्सने सांगितलं, फार जड होतंय, लहान अॅम्पवर पुन्हा वाजव. त्या कमी केलेल्या आवाजामुळे सोलोला दार उघडं मिळालं. एसी/डीसीचं 'बॅक इन ब्लॅक' (१९८०) लाव आणि एकदा डाव्या कानातला इअरफोन काढून ऐक, एकदा उजव्या. एका बाजूला अँगस यंग, दुसऱ्या बाजूला थोरला भाऊ माल्कम. कोण कुठे ते तूच शोध. शाळेचा गणवेश घालून स्टेजभर धावतो तो अँगस. आणि तो धावू शकायचा, कारण माल्कम (२०१७ला गेला) ड्रमशेजारी खुंटीसारखा उभा असायचा. माझी मुलगी मेटलवाली. ती म्हणते ऱ्हिदमचा विषय निघाला आणि मेटालिकाच्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चं (१९८६) नाव नाही म्हणजे हा बाबाचा लेख. घातलं नाव. जेम्स हेटफील्ड एवढ्या वेगात हात फक्त वरून खालीच मारतो. तू दोन मिनिटं करून बघ, मनगट भरून येईल.

आणि हिंदी गाण्यांना नाक मुरडू नकोस. 'चिंगारी कोई भडके'च्या सुरुवातीची गिटार भानू गुप्तांची. पंचमच्या गाण्यांत हा माणूस मागे बसून ऱ्हिदम धरायचा. 'दम मारो दम'ची गिटार वाजवलीय भूपिंदर सिंग यांनी, हो, तेच, गझला गाणारे.

डिसेंबर २०१९ला यू-टू बँडवाले नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले होते. मी आणि मुलगी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बर पकडून गेलो. त्यांनी 'द जोशुआ ट्री' (१९८७) हा अख्खा अल्बम वाजवला. एज नावाचा त्यांचा गिटारवाला नेहमीच्या अर्थाने सोलो वाजवतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याची करामत डिले पेडलची. वाजवलेला सूर पाऊण मात्रेनंतर परत ऐकू येतो, आणि तो परतलेला सूर पुढच्या दोन सुरांमधल्या फटीत बसतो. तो वाजवतो आठ, आपल्याला ऐकू येतात सोळा. 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'च्या सुरुवातीला गिटार सहाच्या चालीत निघते आणि बँड येईपर्यंत चारच्या चालीत आलेली असते. दादऱ्यात बसलो होतो आणि केहरव्यात उठलो, असं वाटतं. एवढ्या मोठ्या स्टेडियमवर, हजारो मोबाइल वर धरलेले असताना, मला त्या कीबोर्डवाल्याची आठवण आली. एज स्वतःच स्वतःचा लेहरा धरून बसलाय.

देशी बँड ऐकायचे तर रॉक मशीनपासून सुरुवात कर, ज्याचं पुढे इंडस क्रीड झालं. त्यांचा अल्बम 'रॉक अँड रोल रेनेगेड' १९८८चा. महेश तिनईकर आणि जयेश गांधी, दोन गिटार. आम्ही धोबीतलावच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला जायचो, पावसात भिजायचो आणि व्हीटीहून शेवटची ठाणे लोकल पकडायला धावायचो. ते रंगभवन सायलेन्स झोनच्या नियमात गेलं. बाकी त्या काळाबद्दल मी लिहायला लागलो तर तुझा प्रश्न बाजूला राहील.

रियाजाचं एवढंच. सोलोचे टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) उतरवून घ्यायची घाई करू नकोस. आधी त्या गाण्याच्या कॉर्ड्स स्वतः वाजवून मोबाइलवर पाच मिनिटं रेकॉर्ड कर. न चुकता पाच मिनिटं. हेच पहिल्यांदा जमणार नाही. तिसऱ्या मिनिटाला लय पळायला लागेल. जमलं की ते लाव आणि गिटार बाजूला ठेवून त्यावर सोलो तोंडाने गा. जिथे श्वास पुरत नाही तिथे बहुतेक गिटारवालाही थांबलेला सापडेल. मग गिटार उचल. 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या कॉर्ड्स बोटांना अवघड जात असतील तर सातव्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लाव आणि ई मायनरपासून धर. गाणं मुळात ई मायनरमध्येच होतं, हेन्लीच्या गळ्यासाठी बदललं. आणि अॅम्पला हेडफोन लाव बाबा. सोसायटीच्या भिंती कशा असतात ते तुला माहीत आहे, आणि शेजाऱ्यांना लेहरा ऐकू जात नाही, फक्त वरची किरकिर ऐकू जाते.

राहिले वडील. त्यांना यातलं काही ऐकवू नकोस. 'कॉल ऑफ द व्हॅली' लाव, १९६७ची. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी त्यांना लगेच ओळखू येईल. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस आहे, सकाळच्या अहिर भैरवापासून निघून पहाडीपर्यंत. ती रेकॉर्ड एचएमव्हीसाठी करून घेतली जी. एन. जोशींनी, 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे तेच. ऐकून झाली की विचार, तिसरं वाद्य कुठलं? निम्मे लोक सरोद म्हणतात किंवा वीणा म्हणतात. गिटार आहे ती, ब्रिजभूषण काबरांची, मांडीवर आडवी ठेवून सळईने वाजवलेली. आणि मग त्यांनाच पुन्हा एकदा लावून दे आणि सांग, आता फक्त माणिकराव पोपटकरांचा तबला ऐका.

घरात तिची जुनी एलपी निघाली तर मला कळव. माझी कॅसेट भूपाच्या मध्यावर ओढते हल्ली.